वासंतीबाईंनी निवडलेलं वाण

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या बायका मिळून गच्चीवर करत, आणि सगळ्यांच्या वतीनं वाण आणायचं काम वासंती गद्रे यांचं असे. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं. एका वर्षी त्यांनी चहाच्या गाळण्या आणल्या. त्या घरोघरी इतक्या टिकल्या की पुढच्या वर्षी बायकांनी पैसे गोळा करून सरळ त्यांच्याच हातात ठेवले.

बाकी ठिकाणांहून मिळणारी वाणं काय असतात, ते सगळ्यांना माहीत होतं. मोत्यांची झालर चिकटवलेलं ताट, झाकण न बसणारा प्लॅस्टिकचा डबा. ती कुणी वापरत नसे, पुढे ढकलत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या चंपाताईंनी दिलेली एक गुलाबी साबणदाणी पेठेत फिरून फिरून त्यांच्याकडेच परत आली होती, आत त्यांनीच घातलेल्या तिळगुळाच्या पुडीसकट.

वासंतीबाई दुकानात उभ्या राहून स्वतःला एकच प्रश्न विचारत. घरी नेल्यावर ही वस्तू ठेवायची कुठे? उत्तर 'माळ्यावर' आलं की वस्तू जागच्या जागी परत. स्वतःच्या घरातही तोच कायदा. मूलबाळ नव्हतं, माणसं दोनच. त्यांचे यजमान सीतारामपंत आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे नवी वस्तू आत यायची तर जुनीला आधी राजीनामा द्यावा लागतो."

सीतारामपंत श्रावणात गेले. तेरा दिवस घरात माणसं होती, शेजारपाजारचे चहाचे थर्मास होते. मग थर्मास ज्याचे त्याला परत गेले. दूध अर्ध्या लिटरवर आलं, तरी उरायचं. वासंतीबाईंच्या तोंडून दिवसातला पहिला शब्द निघायचा तो भाजीवालीशी, आणि कधी कधी शेवटचाही तोच.

जानेवारीत चंपाताई आणि त्यांची सून ऋतुजा दाराशी आल्या, तेव्हा म्हणूनच वासंतीबाईंनी त्यांना दोनदा "बसा" म्हटलं.

"काकू, मी ऑनलाइन बघत होते वाण," ऋतुजा म्हणाली. "पण आई म्हणाल्या, काकूंनाच विचार."

"विचारायचंय काय? दरवर्षी आणतात, यंदाही आणतील," चंपाताई म्हणाल्या. "तेवढाच तुमचाही वेळ जाईल हो."

त्या गेल्यावर वासंतीबाईंनी त्या बोलण्याचा पुन्हा पुन्हा अर्थ लावला. आपण आता हळदीकुंकवाला जायचं की नाही, हे त्यांना कुणाला विचारता आलं नव्हतं. पण वाण आणायला सांगितलं, म्हणजे आपल्याला धरलंय. ज्या बाईला बोलवायचं नाही तिला कुणी खरेदीला पाठवील का? काळ बदललाय. त्यांनी कपाटातून मोतिया रंगाची साडी काढली आणि इस्त्रीला दिली.

बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानात अय्युबभाई स्टुलावर चढून डबे उतरवत होते. "या वहिनी! यंदा उशीर केलात. आणि साहेब कुठंयत? बाहेर पिशवी धरून उभे असतील, बोलवा आत."

वासंतीबाईंनी सांगितलं. अय्युबभाई स्टुलावरून खाली उतरले. स्टूल पुसून त्यांच्याकडे सरकवलं आणि चहा सांगितला.

यंदा त्यांच्या मनात सांडशी होती. सांडशी प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक घरातली ढिली झालेली असते, हे त्यांचं निरीक्षण. त्यांनी दुकानातलंच एक पातेलं पाण्यानं काठोकाठ भरून मागितलं आणि एकेक सांडशी त्याच्या काठाला लावून पातेलं उचलायला सुरुवात केली. जी जराही सरकेल ती बाजूला.

"वहिनी, मुलगी बघायला गेलेले लोकपण इतकं बघत नाहीत," अय्युबभाई म्हणाले.

"म्हणून तर नंतर ओरडतात."

ते हसले. त्याही हसल्या. घरी कितीतरी दिवसांत तो आवाज झाला नव्हता.

पिशवी भरताना अय्युबभाईंनी विचारलं, "घरटी एक ना? तुमची धरून?"

वासंतीबाईंनी हातातली सांडशी पिशवीत टाकली. "धरून," त्या म्हणाल्या.

हळदीकुंकवाच्या दुपारी सासू-सून पिशवी न्यायला आल्या. वासंतीबाई साडी नेसून तयार होत्या. ऋतुजानं पिशवीत डोकावून पाहिलं.

"सांडशी?"

"उचलून बघ पातेलं. हलणार नाही."

"नाही, छानच आहे काकू. फक्त..." ती सासूकडे बघत म्हणाली, "रील करायचंय ना, फोटोत कशी दिसेल? असू दे. मी गिफ्ट हँपर मागवून ठेवलेत, सजवलेले. त्यात खाली घालू."

"खाली," वासंतीबाई म्हणाल्या.

चंपाताईंचं लक्ष सांडशीकडे नव्हतं, साडीकडे होतं. "तुम्ही कशाला जिने चढता?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दमला असाल. वाण आणि तिळगूळ मी ऋतुजाबरोबर पाठवून देते ना खाली."

"चंपाताई, मी येऊ की नको? सरळ सांगा."

"अहो, तसं नाही. आम्ही काही मानत नाही हो. पण बाकीच्या जणी... पहिलंच वर्ष आहे. तुम्हालाच बरं वाटणार नाही."

"मला बरं वाटलं असतं," वासंतीबाई म्हणाल्या.

ऋतुजानं पिशवी उचलली. सांडश्या खणखणल्या. "काकू, पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणाली आणि दार तिनंच ओढून घेतलं.

वर खुर्च्या मांडल्याचे आवाज येऊ लागले. मग बायकांचे. कोण कुठे बसलंय ते वासंतीबाईंना खाली बसून आवाजांवरून कळत होतं. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग चपला घालून त्या बाहेर पडल्या. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पेठेतून नटलेल्या बायका लगबगीनं चालल्या होत्या, त्यांच्यामागे चालता चालता त्या लक्ष्मी रोडला आल्या.

तिथे एका मोठ्या दुकानाच्या दाराशी झेंडूच्या माळा, पतंग आणि 'संक्रांत धमाका' असा फलक होता. ते दुकान त्या येता-जाता बघत, आत कधी गेल्या नव्हत्या. सगळं माळ्यावर जाणारं सामान. दारात नऊवारी नेसवलेली एक मुलगी करंडा घेऊन उभी होती आणि येईल त्या बाईला हळदीकुंकू लावत होती. सकाळपासून उभी असावी. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

वासंतीबाई बाजूनं जाऊ लागल्या.

"मॅडम, हळदीकुंकू घ्या ना," मुलगी म्हणाली आणि पुढे झाली. तिनं विचारलं नाही, थबकली नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नाही. तिचं बोट गार होतं. आधी हळद, मग कुंकू. तळहातावर तिळगुळाची वडी आणि एक कूपन. "गोड बोला मॅडम. क्रोकरी पहिल्या मजल्यावर, एकावर एक फ्री."

मागून दुसऱ्या बायका आल्या तशा वासंतीबाई आत ढकलल्या गेल्या. वर जायला साधा जिना नव्हता, सरकता होता. पहिल्या मजल्यावर उजेड होता, गाणी होती, आणि एका विक्रेतीनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"डिनर सेट दाखवू, मॅडम? घरी किती जण?"

वासंतीबाईंनी समोरच्या आरशात पाहिलं. कुंकू जरा तिरपं लागलं होतं.

"येणारी-जाणारी खूप असतात," त्या म्हणाल्या.

"मग बारा जणांचाच घ्या."

विक्रेतीनं सोनेरी काठाच्या बशा एकेक करून मांडल्या. वासंतीबाईंनी एकही बशी उचलून पाहिली नाही, टिचकी मारली नाही, उलटी केली नाही. "हाच द्या," त्या म्हणाल्या.

"लगेच पॅक करते. आणि मॅडम, ह्याच्यावर मॅचिंग बोल्सही आलेत. दाखवू?"

खाली दाराशी ती मुलगी आणखी कुणाला तरी बोलावत होती. वासंतीबाई खुर्चीत जरा मागे टेकून बसल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."