फोनवरचं रशियन

मंडळी, संशय येणार नाही का? लेक रशियात डॉक्टरकी शिकते, सध्या सुट्टीला रत्नागिरीत आलीय. तिथे सोबत शिकणाऱ्या मैत्रिणीशी फोनवर मराठीत बोलत असते आणि मी पडवीत पाऊल टाकलं की लगेच रशियन!

नक्की कोणीतरी मुलगा असणार. म्हणून कोलंबी सोलता सोलता व्हिडिओ बघून तिथल्या पोरांची रोजची बोली मी गुपचूप शिकायला लागले.

आज एक वाक्य कळलं. "मिन्या व्स्यो दस्ताला." म्हणजे, मला सगळ्याचा वीट आलाय.

"काय गो, काय झालं?"

"काय नाय गो आई, अभ्यासाचं," ती हसली.

घरात सगळे तिला आत्ताच डॉक्टरीणबाई म्हणतात. सगळ्यात मोठ्याने मीच.

मला रशियन कळतं हे तिला सांगितलं, तर ती मनातलं बोलणार कुठे?