अर्जातला अपघात

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. निपाणीच्या मराठी शाळेत मी मास्तरीण, त्यात सरकारी कागदांना लागणारं कन्नड लिहिता येणारी. त्यामुळे रेशनकार्डापासून नळापर्यंत साऱ्या गल्लीचे कागद माझ्याकडे यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं असतील. गल्लीच्या तोंडावरून तंबाखूचे ट्रक वखारीकडे सुसाट जायचे आणि आमच्या पोरांची शाळा रस्त्याच्या पलीकडे. पोरं पार होईपर्यंत आयाबाया दारात जीव मुठीत धरून उभ्या. माझी सात वर्षांची मुलगीही त्याच पोरांत. स्पीड ब्रेकर मागायचा ठरला. मी झकास अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, नगरपालिकेत दिला. सहा महिने काही हाललं नाही, म्हणून चौकशीला गेले. तिथला कारकून भला माणूस होता.

"बाई, अपघात झालाय का कुनाचा?"

"अजून नाही."

"मग तुमचा कागद खालीच ऱ्हानार. जिथं कोन पडलंय तिथलं काम पैलं. लिवा की एखादा."

संध्याकाळी गल्लीला हे सांगितलं. लिहा म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कुणाच्या पोराचं नाव घालायचं म्हटल्यावर जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. कोपऱ्यावरच्या आप्पांना मी विचारलं, "तुमच्या नातवाचं घालूया?"

"बाई, तोंडाला आवर घाला. असलं अभद्र लिवू नये."

एका बाईने तर कडेवरचं पोर उचलून घरातच नेलं. माझं डोकं फिरलं. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. शकुन-अपशकुन मला ठाऊक नव्हते, म्हणजे तसा माझा तोरा होता. "मग माझ्या पोरीचं घालते!" म्हणाले आणि सगळ्यांसमोर लिहून टाकलं : ट्रकचा धक्का लागून मुलीच्या पायाला दुखापत. थापा मारल्या म्हणून वर्गात मी पोरांना छड्या देत असे, हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

महिन्याच्या आत इंजिनियरसाहेब जीपमधून पाहणीला आले. मुलीच्या पायाला मी पट्टी बांधली होती आणि काही बोलायचं नाही असं बजावलं होतं. पण साहेब तिच्यापुढे उकिडवे बसले आणि मायेने म्हणाले, "कुठला ट्रक होता गं, बाळ?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिरवा. मोर काढलेला."

तो ट्रक सगळ्या गल्लीला माहीत होता. त्याचा म्हातारा ड्रायव्हर तेवढा आमच्या तोंडाशी वेग कमी करायचा, पोरांना हात करायचा. म्हणून तर तिला तोच ट्रक ठाऊक. साहेबांनी लिहून घेतलं. मी बोलायला हवं होतं. बोलले तर स्पीड ब्रेकर गेला, खोट्या कागदाखाली माझी सही, वर नोकरीवर गदा. एवढा सगळा विचार मी तेवढ्या वेळात केला. घाबरून सुचलं नाही, असं मला म्हणता येणार नाही.

पंधरा दिवसांत स्पीड ब्रेकर झाला. गल्लीने पेढे वाटले. "बाई, तुमच्या हाताला गुण हाय," आप्पा म्हणाले. मोराचा ट्रक येत राहिला, पण त्यावर कोणी पोरगेलासा ड्रायव्हर होता. पालिकेचा कागद मालकाकडे गेला आणि त्याने म्हाताऱ्याला गाडीवरून उतरवून वखारीत तंबाखूची बोदं उचलायला लावलं, असं कळलं. मालकाला भेटून खरं सांगायचं मी रोज ठरवायची. रोज काहीतरी निमित्त सापडायचं, कधी वह्या तपासायच्या, कधी पाहुणे.

एका रविवारी दुपारी तो म्हातारा दारात उभा राहिला. हातात केळ्यांची फणी. या म्हटलं तरी आत येईना.

"बाई, पोरीचा पाय बरा हाय न्हवं?"

"आहे."

"मला कळलंच न्हाय बघा. लई आठवून बघितलं, कवा लागला, कसा लागला. नजर कमी झाली आसंल माझी. गाडी काढून घेतली ते बरंच झालं म्हनायचं. येवढंसं लेकरू खोटं कशाला बोलंल?"

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी बाहेरून पळत आली. त्याला बघून जागच्या जागी थांबली. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग, कुणी न सांगता, लंगडत लंगडत पायरी चढू लागली.

म्हाताऱ्याने घाईने केळी खाली ठेवली आणि तिला उचलून माझ्या हातात दिलं.

"चालवू नका, बाई, तिला," तो म्हणाला. "अजून दुकतंय."