सावळघाटातली ट्रायल

अलका गांगुर्डे मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. इतर माणसं ओरडतात. मॅडम इतक्या हळू बोलायच्या की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मी शाळेत नवी असताना त्यांना एका पालकाशी कुजबुजताना पाहिलं आणि वाटलं, किती शांत बाई! तो माणूस सातवीतल्या मुलीचं लग्न ठरवायला निघाला होता. दुसऱ्याच दिवशी मुलगी वर्गात हजर झाली.

आमची शाळा सावळघाटाच्या वर, पेठच्या बाजूला. आम्ही बहुतेक शिक्षक नाशिकहून जा-ये करायचो. सकाळची एसटी बंद झाली तेव्हा पवार सरांनी विजेवरची स्कूटर घेतली. रस्ता चढाचा आहे का, पावसाळ्यात चालवणार का, शोरूममध्ये कोणी विचारलंच नाही. रंग दाखवले, सर्वांत हलकी गाडी गळ्यात मारली. धुवाधार पावसात, घाटातल्या वळणावर ती एकाएकी बंद पडली आणि मागचा टेम्पो सरांवर आला. सरांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शोरूमवाले म्हणाले, चूक टेम्पोवाल्याची.

"जाऊ द्या, नशीब," पवार सर म्हणायचे.

"नशीब शोरूममध्ये विकत मिळत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. अगदी हळू.

मी मॅडमच्या जुन्या पेट्रोल स्कूटरवर मागे बसून यायचे. त्या निवृत्त होणार म्हणून मलाही गाडी घ्यावी लागणार होती. मॅडम मला आणि माझ्या नवऱ्याला त्याच शोरूममध्ये घेऊन गेल्या.

"इथेच कशाला?" मी विचारलं.

"मुद्दाम."

मॅनेजर माझ्या नवऱ्याशी बोलायला लागला. "सर, लेडीजसाठी हे मॉडेल बेस्ट. वजनाला हलकं, ब्लूटूथ आहे, गाणी ऐकत जातील."

"गाडी ही चालवणार आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि घाटाला कळतं का हो, वर लेडीज बसलीय ते?"

"काय म्हणालात?" त्याने मान पुढे केली.

"ट्रायल पाहिजे. सावळघाटात. आत्ता."

"मॅडम, बाहेर पाऊस बघा. थांबला की..."

"पाऊस थांबायची वाट बघत शाळा भरत नाही. चला, मागे बसा. शाळेत जाताना माझ्याही मागे कुणीतरी बसतंच."

शोरूममध्ये गिऱ्हाईकं होती. सगळी बघत होती. मॅनेजर रेनकोट चढवून मुकाट्याने मागे बसला. आम्ही दोघं आमच्या मोटरसायकलवर त्यांच्या पाठोपाठ निघालो.

सपाटीवर गाडी मजेत पळाली. घाट लागला तशी ती दमायला लागली. पहिल्या वळणानंतर तिचा वेग पायी चालणाऱ्याइतका झाला, समोरच्या पट्टीवर तांबडा दिवा लागला आणि पुढच्या चढावर ती जागीच थांबली. मागून ट्रक हॉर्न देत होता. नवऱ्याने रस्त्यात उभं राहून त्याला हात केला, तेव्हा तो बाजूने गेला. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उतरा, ढकला," मॅडम म्हणाल्या. गाडी कडेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "पवार सर इथेच पडले. तुम्हीच विकली होती ना त्यांना?"

"मी कंपनीचा माणूस, मॅडम. वरून जे सांगतात..."

"लय झालं आता. भेटायला गेला होतात?"

गाडी थंड होऊन पुन्हा चालू झाली तशी मॅडमनी ती उताराकडे वळवली.

मॅडम त्याला तशाच ओल्या कपड्यांनी मखमलाबादला, सरांच्या घरी घेऊन गेल्या. सर खुर्चीत बसले होते, पँटचा रिकामा पाय घडी घालून पिनेने टाचलेला. मॅनेजर दारातच उभा राहिला. वहिनींनी त्याला टॉवेल दिला, चहा ठेवला.

"चुकलं, सर," तो कसंबसं म्हणाला.

"जाऊ द्या, जाऊ द्या," सर म्हणाले.

मॅडमनी आपल्यापुढचा कप बाजूला सारला. "तुम्ही जाऊ द्या म्हणता, म्हणून हे लोक असल्या गाड्या विकतात!" त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा चढा आवाज ऐकला. आणि त्या ताडकन उठून निघून गेल्या.

मी दुसऱ्या ठिकाणाहून गाडी घेतली. दणकट मोटरची, रुंद टायरची, ओल्या उतारावर ब्रेक दाबला तरी न घसरणारी. मॅडमनी तिच्यावर दोनदा घाट चढून पाहिला, मगच मान डोलावली.

त्यांच्या निरोप समारंभाला मुख्याध्यापकांनी भाषण केलं. "मॅडमचं मन निर्मळ, फक्त स्वभाव तापट. आता तरी राग सोडा, मॅडम."

लोक हसले. मॅडम उठल्या, माइक बाजूला केला. हॉल शांत झाला, कारण त्याशिवाय काही ऐकू येणार नव्हतं.

"पवार सरांचा पाय परत आणून द्या, सोडते."

त्या खाली बसल्या. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग पहिल्या रांगेतून एकट्या माणसाच्या टाळ्या सुरू झाल्या. कुबड्या शेजारच्या खुर्चीला टेकवून पवार सर टाळ्या वाजवत होते, आणि बराच वेळ थांबले नाहीत.