हरिपूरच्या पेवात आधी कंदील उतरतो

पुण्याहून सुमनचं पत्र आलं. कॉलेजातले काही विद्यार्थी मिळून हळदीच्या व्यापारावर छोटा मूकपट काढणार आहेत, नाताळच्या सुट्टीत जागा पाहून आराखडा करायचं काम तिच्याकडे आलंय, सांगलीला जाऊ का? पत्र मी दोनदा वाचलं. हळद बघायला कॉलेजात कशाला जावं लागतं, ते मला कळेना. यांनी सगळं माझ्यावर टाकलं. "तू बरोबर जा, डोळ्यांनी बघ. तू हो म्हणालीस तर हो." नाही म्हणायचं कारण शोधायलाच मी निघाले, हे इथे कबूल करते.

सुमन सुट्टीला घरी आली तशी आम्ही दोघी निघालो. लढाई संपून वर्ष झालं तरी साताऱ्याच्या मोटारी कोळशाच्या गॅसवरच चालतात. सातारा रोड स्टेशनच्या वाटेवर दोन चढांना आम्ही सगळे उतरून पायी चाललो, म्हणून गाडीच्या तासभर आधी निघावं. दशम्या आणि लसणाची चटणी घरून घ्यावी. स्टेशनवरचा चहा महाग आणि फुळकवणी. मिरजेला उतरून सांगलीची छोटी गाडी मिळते. डब्यात समोरच्या बाईने सुमनकडे बघून विचारलं, "शिनेमात नाचणार व्हय पोरगी?" सुमन हसली. मी नाही हसले.

मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे. संध्याकाळी गणपतीचं दर्शन झालं. सकाळी सुमन आंघोळीला गेली तशी मी तिची वही उघडली. पानोपानी चौकोन, त्यांत बाण, आणि एका पानावर 'पोंक्षे – कॅमेरा'. पोंक्ष्यांचा मुलगा की मुलगी, लिहिलेलं नव्हतं. वही होती तशी ठेवली आणि देवाला नमस्कार केला.

हरिपूरला टांगा सहा आणे मागतो, चारला येतो. नदीकाठच्या त्या मातीत हळद साठवायची पेवं आहेत. वरून बघाल तर काहीच दिसत नाही, मातीने लिंपलेलं हातभर तोंड. खाली मात्र खोलीएवढी पोकळी. राखण करणारे आप्पा साठीचे, कानात भिकबाळी. सुमनने सिनेमाचं सांगितलं तर म्हणाले, "आवं बाई, प्याव काय बघायचं? भोक हाय जमिनीत."

सुमनने वही काढली आणि तिथेच चूक केली. कोणतं पेव कोणाचं, आत किती पोती, असं एकेक विचारत लिहायला लागली. आप्पांचा चेहरा मिटला. सध्या सक्तीने धान्य गोळा करणारे सरकारी लेव्हीचे लोक दाण्याच्या शोधात गावोगाव फिरतात, आणि हळदीच्या पेवात घरच्या जोंधळ्याची दोन पोती कोणी ठेवली असतील तर ते सांगत सुटेल का? माझ्याच देवघरात, देवाच्या पाटामागे, रेशनबाहेरच्या साखरेचा डबा आहे. शेजारणीने त्याची चौकशी केली असती तर मी तिला चहासुद्धा विचारला नसता.

आप्पा उठले. "लेव्हीवाली हायसा तुमी. शिनेमाचं नुसतं सोंग. पोरगी खोटं बोलतीया."

मला हवं होतं ते कारण आयतंच हातात आलं. गप्प राहिले असते तर आराखडा तिथेच संपला असता आणि मला घरी नाही म्हणायची वेळसुद्धा आली नसती. सुमन माझ्याकडे बघत होती. आठवडाभर मीही मनात तेच म्हणत होते, पण ते परक्याच्या तोंडून ऐकवेना.

"आप्पा, समोर संगमेश्वराचं देऊळ आहे," मी म्हटलं. "माझी मुलगी खोटं बोलत नाही."

मग सुमनला म्हटलं, ती पानं फाड. तिने फाडली आणि आप्पांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी उलटीपालटी करून नीट बघितली आणि चिलमीच्या विस्तवावर धरली.

"उद्या एक प्याव उघडायचं हाय," राख झटकत ते म्हणाले. "या. आत काय हाय ते मातूर इचारायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. तोंडावरची माती फोडली, फरशी सरकवली. आप्पांनी पेटलेला कंदील दोरीने खाली सोडला. ज्योत बारीक झाली, विझली. आत वाईट हवा साठते. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. तास-दीड तास सगळे नुसते बसले. कंदील पुन्हा सोडला, या वेळी तो जळत राहिला, तेव्हा कमरेला दोर बांधून हमाल उतरला. सुमनने या सगळ्यात एक अक्षर लिहिलं नाही. परतताना टांग्यात म्हणाली, "आई, पहिलं दृश्य कंदिलाचं. माणूस नंतर."

तुम्ही गेलात तर वही टांग्यातच ठेवा, आणि निघताना आप्पांना तंबाखू द्या, पैसे घेत नाहीत.

घरी पोचल्यावर पायांवर पाणी घेते तोच यांनी विचारलं, "मग? काय ठरवलंस?"

सुमन दारातच उभी होती. संगमेश्वराच्या साक्षीने एक बोलून आले होते, आता उंबऱ्याच्या आत निराळं कसं बोलणार? हो म्हटलं. मात्र चित्रीकरणाच्या दिवशी मी जाणार, आणि पेवाच्या तोंडाशी बसणार. तो किंवा ती पोंक्षे मी अजून पाहिलेली नाही.