शेटचं गलबत

सकाळी ठोकलेले खिळे धर्माबाबा मिस्त्री संध्याकाळी स्वतःच उपटून काढत. लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा आमच्या मागच्या दारातून बंदर दिसे, आणि बंदरावर सागाच्या फळ्यांचं एक अर्धवट गलबत. दिवसभर ठाकठोक चाले. दिवेलागणीला खिळे निघताना फळ्या करकरत.

"खिळा वाकडा गेला, बाय," मला पाहून ते म्हणत.

रोज? सगळेच?

सासूबाईंनी एकदा सांगितलं. वादळाच्या वर्षी मिठागरवाल्या शेटचं गलबत मीठ घेऊन मुंबईला निघायचं होतं. आभाळाचा रंग पाहून गलबताच्या तांडेलाने नांगर उचलायला नकार दिला. "दर्या खवळलाय, शेट. जरा थांबू." शेट हसले. "भित्र्यांनी घरी बसावं. खलाशी छप्पन्न मिळतील." गलबत निघालं. त्यावर धर्माबाबांचा एकुलता एक मुलगा होता. वाऱ्याने कोळीवाड्याची छपरं नेली, खाडी घरांत शिरली, होड्या बाजारात येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी माणसं चिखलात आपापली माणसं शोधत असताना शेट आले आणि त्यांनी विचारलं, "माझ्या मिठाचं काय झालं?"

धर्माबाबा शेजारीच उभे होते. गलबत बुडालं होतं, मुलाचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

आणि त्याच शेटनी नवं गलबत बांधायला सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले! लोक त्यांच्या तोंडावर थुंकले. भिमाआई, त्यांची बायको, एका घरात राहून त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

एका मिस्त्रीने हात घातलेल्या गलबताला दुसरा मिस्त्री शिवत नसे. पैसा सगळा त्या लाकडात गुंतलेला, त्यामुळे शेट अडकले. गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या गलबतांकडे गेली, आणि त्यांचं मीठ दर पावसाळ्यात आगरातच विरघळू लागलं. शेट चौकशीला आले की धर्माबाबा ताटासारख्या शांत खाडीकडे बघून म्हणत, "दर्या खवळलाय, शेट."

अशी वर्षं गेली. एका दुपारी शेट आले ते पायांत वहाण न घालता. "धर्मा, मी बुडालो रे. सूड घेतोयस ना माझ्यावर?"

"व्हय."

"अजून किती?"

"आज सरला." त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि गलबताच्या कुशीत घातली.

घावांचा आवाज ऐकून कोळीवाडा धावत आला. मीही गेले. शेट ओरडत होते, पण कुणी पुढे झालं नाही. भिमाआई मात्र गर्दीतून वाट काढत आली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि तुटलेल्या फळ्या उचलून एकावर एक रचायला लागली. ती काय रचते आहे, ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. बाया रडायला लागल्या.

"पोराला लाकडा द्यायची रायली व्हती," धर्माबाबा म्हणाले. त्यांनी डांबराच्या चुलीतलं पेटतं लाकूड शेटपुढे धरलं. "घ्या. त्याचा नाव घ्या नि लावा."

शेटनी लाकूड घेतलं. त्यांना नावच ठाऊक नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणी सांगेना. लाकूड जळत हाताशी आलं.

"गनपत," शेवटी भिमाआई म्हणाली.

"गणपत," शेट पुटपुटले आणि खाली वाकले.

धर्माबाबांनी त्यांचं मनगट धरलं. "मोठ्यान बोला, शेट. तो लांब हाय."