उष्टा प्याला
उकळलेल्या मनुकांचा वास आला की देऊळगाव राजातलं आमचं पत्र्याच्या छपराचं चर्च आठवतं. प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि मनुका उकळून केलेला रस सगळ्यांनी वाटून घ्यायचा; त्याआधी प्रत्येकाने आपलं मन तपासायचं असे. त्या दिवशी मी डोळे मिटून तपासलं आणि मला एकही खोट सापडली नाही. मग त्या रसाचा एकच प्याला हातोहात फिरत आला. शेजारच्या म्हाताऱ्या मजुराच्या ओठांवर ओल्या, पिवळट फोडी होत्या. तो प्यायला आणि त्याने प्याला माझ्याकडे दिला. मी प्याला ओठांजवळ नेऊन नुसतं प्यायल्याचं नाटक केलं. त्याने ते पाहिलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझ्या हातातल्या प्याल्याची कड पुसली आणि हळूच म्हणाला, "घे बाप्पा, पुसलं म्या." तरी मी प्याला तसाच पुढे दिला. पुढच्या वेळेपासून तो सगळ्यांच्या मागे बसू लागला, आपली पाळी शेवटी यावी म्हणून. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज त्या सुटकेचीच शिसारी येते.