ताई म्हणायची सवय

मला लोकांशी गोड बोलता येत नाही. वाशीमजवळ माझी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे आणि या धंद्यात रोपाआधी ओळख लावावी लागते, हे मला उशिरा कळलं. एका मेळाव्यात बियाणे कंपनीचे साहेब सांगून गेले, “नाती जोडा, धंदा आपोआप येईल.” जोडायची कशी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी आपला सोपा मार्ग काढला. बागायतदाराच्या घरी गेलो की बाईंना ताई म्हणायचं. मग नवरा आपसूक भाऊजी होतो, चहा येतो आणि पुढचं बोलणं तेच करतात.

अशा किती ताया केल्या, मलाच आठवत नाही. शेलूबाजारच्या एका ताईंनी मात्र ते खरं धरलं. वांगी-मिरचीची रोपं दर हंगामाला माझ्याकडूनच न्यायच्या, शेजारणींनाही घेऊन यायच्या. गेल्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न ठरलं, तशा नवऱ्याला घेऊन नर्सरीवर आल्या.

“भाऊ, मले सख्खा भाऊ नाई. पोरीच्या मांगं मामा म्हणून तुमी उभे राहा.”

मी ट्रेमधली रोपं मोजू लागलो.

“काहून? भाची जड झाली काय?”

“नाही, नाही. उभा राहतो ना.”

“फसले साळेबुवा!” भाऊजी हसले. “आता नुसत्या चहावर सुटका नाई तुमची.”

उभा राहिलो. डोक्याला फेटा, पुढे नवरी. अंतरपाट धरायला अजून वेळ होता. मांडवातले निम्मे लोक माझ्याकडून रोपं नेणारे. त्यातले शिरपूरचे एक बागायतदार जवळ सरकून म्हणाले, “हे तुमची बहीण हाये काय? मंग तिले भाव कमी लावत असान. आमालेच कापता!”

थट्टा होती ती. हसून सोडता आली असती. पण एक गिऱ्हाईक दुखावेल म्हणून मी घाबरलो आणि कधी नव्हे ते झटकन बोललो, “छे हो, बहीण कुठली! गिऱ्हाईक आहे.”

ताई मागेच होत्या, अक्षतांचं ताट घेऊन. त्यांनी माझ्याही हातावर अक्षता ठेवल्या. मानाच्या पंगतीत बसवलं, आहेर केला, कशात काही कमी केलं नाही.

तेव्हापासून फोनवर मी ‘शेठ’ आहे. ऑर्डर येते, शेजारणीही येतात. धंद्याचं काहीच बिघडलेलं नाही आणि मला संताप येतो तो याचाच. चारचौघांत भांडल्या असत्या, दुसऱ्या नर्सरीत गेल्या असत्या, तर माफी मागायला तरी काही हाताशी लागलं असतं. शेलूबाजारच्या फाट्यापर्यंत जाऊन गाडी परत वळवली, असंही झालं.

परवा गेलो शेवटी. ताई मिरची तोडत होत्या.

“बसा शेठ, चहा मांडते.”

“ताई, लग्नात मी ते जे बोललो...”

“असू द्या. खरंच त बोलले तुमी.” आवाजात राग नव्हता, निदान मला सापडला नाही. हातातली मिरची टोपलीत टाकून त्यांनी विचारलं, “वांग्याची रोपं कवा देता?”

रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. खरं ते नव्हतं, हे सांगायचं होतं.

“सोमवारी,” मी म्हणालो.